द्राक्षबागेत तारण शोधायला गेलं की काय सापडतं

तारणावरची, म्हणजे देवाने माणसाला पापातून आणि मरणातून सोडवण्यावरची, उदाहरणं ऐकत ऐकतच आपण चर्चमध्ये मोठे होतो. मोबाईलचा रिचार्ज संपला की कॉल लागत नाही, तसं प्रार्थना थांबली की देवाशी कनेक्शन तुटतं. शेवटची एसटी सुटली की स्टँडवर रात्र काढावी लागते, तसं संधी गेली की गेली. संडेस्कूलच्या पोरांना जागं ठेवायला हे बरं पडतं, मला त्याचा राग वगैरे नाही. पण रिचार्जचं उदाहरण जरा नीट बघा. रिचार्ज म्हणजे काय, तर आधी तू पैसे भर मग मी तुला सेवा देतो, आणि महिना संपला की परत भर. ख्रिस्ती माणूस तारण म्हणून जे काही सांगतो ते याच्या बरोब्बर उलट आहे, म्हणजे ज्याने उदाहरण दिलं त्याने नकळत स्वतःच्याच संदेशाला काट मारली आणि समोरच्या शंभर लोकांनी मान डोलावली.

म्हणून रोजच्या जगण्यातून आणि निसर्गातून तारणाचे धडे कसे घ्यायचे हे एकच उदाहरण धरून जरा सावकाश बघू. मी द्राक्षबाग घेतोय. एक तर येशूने स्वतः ती घेतली होती, आणि दुसरं म्हणजे माझं आजोळ नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडचं, मामांची बाग आहे, त्यामुळे वेल मी फक्त चर्चच्या खिडकीच्या रंगीत काचेवर पाहिलेला नाही.

आधी तारण म्हणजे काय ते दोन मिनिटांत उरकू, कारण इथेच अर्ध्या लोकांचं कन्फ्युजन असतं. बायबल तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतं. झालेलं आहे, होत आहे आणि होणार आहे. झालेलं म्हणजे पापाचा दोष ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःवर घेतला आणि विश्वास ठेवणाऱ्याला देवाने नीतिमान ठरवलं, तो निकाल लागलेला आहे. होत आहे म्हणजे त्या माणसाचा स्वभाव, सवयी, जीभ, पैशाचा व्यवहार हे सगळं हळूहळू बदलतंय, याला पवित्रीकरण म्हणतात आणि ते फार रटाळ काम आहे, एका वर्षात दिसत नाही. होणार आहे म्हणजे शेवटी मरणाचाही निकाल लागणार, पुनरुत्थान होणार. बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की हे सगळं कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि कर्मांनी नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागाच नको, आणि लगेच पुढच्याच वाक्यात म्हणतो की आपल्याला घडवलंय ते सत्कर्मं करण्यासाठीच. कर्मांनी नाही पण कर्मांसाठी. हे वाक्य लोकांच्या डोक्यात बसत नाही, आणि ते बसवायलाच उदाहरणं लागतात.

आता प्रश्न असा की हे निसर्गात लिहिलेलं आहे का? थोडं आहे, सगळं नाही. १९ वं स्तोत्र म्हणतं की आकाश देवाचा महिमा वर्णन करतं, आणि रोमकरांच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की देवाचं सामर्थ्य आणि देवपण निर्मितीवरून कळून येतं. बस, एवढंच. देव आपल्यावर प्रेम करतो, तो क्षमा करतो, त्यासाठी तो मेला, हे कुठल्याही झाडावर लिहिलेलं नाही. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर जी गारपीट झाली ती ज्याने पाहिली, त्याला आभाळाकडे बघून देव दयाळू आहे असं आपोआप वाटेल असं म्हणणं म्हणजे त्याची थट्टाच. तेच आभाळ ऊन देतं आणि तेच आभाळ तयार माल झोडपून काढतं.

धर्मशास्त्रात याला दोन नावं आहेत, सामान्य प्रकटीकरण आणि विशेष प्रकटीकरण. सामान्य म्हणजे निसर्ग आणि माणसाचं मन, जे सगळ्यांसमोर उघडं आहे. विशेष म्हणजे देवाने बोलून सांगितलेलं, शास्त्रातून आणि ख्रिस्तातून. सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मपंडिताने शास्त्राला चष्मा म्हटलं होतं, म्हातारपणी अंधुक दिसणारं पान चष्मा लावला की वाचता येतं, तसं.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. फुलामुलांचा कवी म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. फुलं, पाखरं, डोंगर तर त्यांना आधीपासून दिसतच होते, पण ख्रिस्त त्यांना फुलात सापडला नाही. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने हातात नवा करार ठेवला, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गंमत म्हणजे त्या डोंगरावरच्या प्रवचनात आकाशातली पाखरं आहेत, रानातली फुलं आहेत, दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखा पडणारा पाऊस आहे. फुलं तीच पण आता कुणीतरी ती दाखवून काहीतरी सांगत होतं. निसर्गातून धडा घेणं म्हणजे हा क्रम पाळणं. आधी ऐकायचं, मग बघायचं. नुसतं बघून जो ज्याला हवं ते काढतो, मधमाशीतून कष्ट काढतो, मुंगीतून बचत काढतो, आणि तारण काढायला गेला की शेवटी "चांगलं वागा, फळ मिळेल" एवढंच हातात येतं, ज्यासाठी वधस्तंभाची काहीच गरज नव्हती.

तर आता बाग. योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय. मी खरा द्राक्षवेल आहे, माझा पिता माळी आहे, तुम्ही फाटे, म्हणजे वेलाच्या फांद्या, आहात. हे येशू कधी बोलला ते लक्षात घ्या, अटक व्हायच्या रात्री, शेवटचं भोजन झाल्यावर. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचे दिवस, म्हणजे मार्च-एप्रिलचा सुमार. आपल्याकडे तेव्हा द्राक्षाचा सिझन ऐन भरात असतो, पिंपळगावच्या रोडला क्रेट भरलेल्या गाड्या असतात, म्हणून आपल्याला हा अध्याय वाचताना लटकलेले घड दिसतात. यरुशलेमला तसं नसतं. तिकडे हिवाळ्यात वेलाची पानं गळतात, वेल झोपतो, तेव्हा छाटणी होते आणि वसंतात काडीवरचे डोळे (कोंब) फुटायला लागतात, द्राक्षं पिकतात ती उन्हाळा सरताना. म्हणजे शिष्यांच्या डोळ्यासमोर जे वेल होते ते छाटलेले, जेमतेम फुटलेले, फळाचा पत्ता नसलेले. पेल्यातला रस मागच्या वर्षीचा. अशा वेळी फळाबद्दल बोलणं म्हणजे अजून न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलणं होतं.

आणि "खरा" हा शब्द उगाच नाही. द्राक्षवेल हे इस्राएलचं जुनं चिन्ह होतं. यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देवाने डोंगरावर बाग लावली, दगड वेचले, मधे बुरूज बांधला, घाणा खोदला आणि आली ती आंबट रानद्राक्षं. हेरोद राजाने बांधलेल्या मंदिराच्या दारावर सोन्याचा प्रचंड द्राक्षवेल होता असं पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस लिहितो. म्हणजे ज्या राष्ट्राने वेल व्हायचं होतं ते जमलं नाही, आणि आता एक माणूस उभा राहून म्हणतो, तो वेल मी. तारणाचा मुद्दा इथेच सुरू होतो. येशू चांगला वेल कसं व्हायचं याचे क्लासेस घेत नाहीये. तुम्ही वेल होऊच शकत नाही, तुम्ही माझे फाटे व्हा असं तो म्हणतोय.

फाट्याचं काम काय असतं? मुळापासून पाणी आणि अन्नद्रव्यं येतात, पानं ऊन घेतात, साखर बनते, ती घडात उतरते. फाट्याला स्वतःचं मूळ नाही. फाटा ताण देऊन, जोर लावून घड काढत नाही, तो जोडलेला असतो आणि घड येतो. जोडलेलं राहणं म्हणजे काय हे त्याच अध्यायात पुढे स्पष्ट केलंय, त्याची वचनं आपल्यात राहणं, त्याच्या प्रीतीत राहणं, एकमेकांवर प्रीती करणं. काही गूढ अनुभव वगैरे नाही. आणि तुटलेल्या फाट्याची किंमत बघायची असेल तर यहेज्केल संदेष्ट्याचा १५ वा अध्याय वाचा, फार लहान आहे. तिथे देव विचारतो की द्राक्षाच्या लाकडाचं काय करता येतं, भांडं टांगायला साधी खुंटी तरी होते का? नाही होत. बाभळीचं औत होतं, सागाचा दरवाजा होतो, वेलाची काडी तुटली की तिचा काही उपयोग नाही. मामांच्या बांधावर छाटणीनंतर काड्यांचा ढीग असतो, पूर्वी सरसकट पेटवायचे, आता बरेच जण कुट्टी करून बागेतच पसरतात, पण कुणी त्याची खुर्ची केलेली ऐकलं नाही. माझ्यापासून वेगळे असलात तर तुम्हाला काही करता येत नाही, हे वाक्य येशूने अपमान म्हणून म्हटलेलं नाही, ते त्या लाकडाचं वर्णन आहे.

छाटणीवर जरा थांबतो, कारण इथे प्रवचनात सगळ्यात जास्त घोळ होतो.

नाशिककडे वेल झोपत नाही. आपल्याकडे तशी थंडी नाही, बर्फ नाही, वेलाला मोकळं सोडलं तर तो वाढतच राहील, म्हणून वर्षात दोन छाटण्या घ्याव्या लागतात आणि पीक एकच. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. नावासारखीच असते, ओलांड्यावरची (मांडवावरच्या आडव्या खोडावरची) काडी एखादा डोळा ठेवून सगळी खरडून काढतात. चाळीस डिग्रीच्या उन्हात नुसता मांडव आणि तारा आणि खाली हिरवं काही नाही, नवीन माणसाला वाटेल बाग मेली. मग फुटवे निघतात, विरळणी होते, शेंडे मारतात, आणि छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. याला सूक्ष्म घड निर्मिती म्हणतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या दिवसांत ऊन नीट मिळालं नाही, ढगाळ राहिलं, काड्यांची गर्दी झाली तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलाचा तंतू, निघते. ऑक्टोबरला गोडी छाटणी. त्याच्या आधी शेतकरी काड्या लॅबमध्ये देतात, तिथे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात की घड कितव्या डोळ्यात आहे, आणि त्या रिपोर्टवर कुठे कापायचं ते ठरतं. मामा एकदा रिपोर्टचा कागद हातात धरून काडीवर डोळे मोजत होते, एक, दोन, तीन, कात्री लावली, कट, पुढची काडी. मी विचारलं मामा, चुकलं तर? ते म्हणाले, "चुकलं तर वर्ष गेलं, पण भाच्चा, न कापता ठेवलं तर दोन वर्षं जातील."

आता योहान १५ मध्ये काय म्हटलंय? फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो आणि फळ देणारा प्रत्येक फाटा अधिक फळ द्यावं म्हणून साफ करतो. म्हणजे कात्री दोघांनाही लागते. फळ देणाऱ्याला शाबासकी म्हणून सुट्टी नाही. ख्रिस्ती जीवनात बऱ्याच जणांची अपेक्षा असते की विश्वासात आलो, आता सगळं सुरळीत व्हावं, आणि मग काही अडलं की देव रागावला का असा प्रश्न पडतो. बागेत उभं राहिलं की हा प्रश्न जरा वेगळा दिसतो, कारण एप्रिलमधे जी बाग सगळ्यात भकास दिसते तिच्यातच पुढचं पीक ठरत असतं.

पण इथे थांबायला हवं. एखाद्याच्या घरी तरुण मुलगा गेला, आणि सांत्वनाला आलेला माणूस म्हणतो, "देव तुमची छाटणी करतोय." हे मी ऐकलेलं आहे, आणि मला ते क्रूर वाटतं. शिवाय ते वचनाला धरूनही नाही. छाटणीच्या वाक्यानंतर लगेचच्या वाक्यात येशू सांगतो की मी तुम्हाला जे वचन सांगितलंय त्यामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात. म्हणजे या अध्यायातली कात्री वचनाची आहे. खोटं बोलण्याची सवय, भावकीतला दहा वर्षांचा अबोला, हुंड्याचा हिशोब, जातीचा छुपा ताठा, यावर वचन बोट ठेवतं आणि दुखतं, ती छाटणी. ॲक्सिडेंट आणि कॅन्सर यांना छाटणी म्हणायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती जास्त पापी होती का या प्रश्नाला येशूने चक्क नाही म्हटलंय, लूकच्या १३ व्या अध्यायात. दुःखातून माणूस घडतो हे खरं, पण ते ज्याचं त्याने म्हणावं.

फळाबद्दल कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात जुना वाद आहे आणि तो याच वेलावरून समजतो. वसईचा कॅथलिक आणि अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगरचा) प्रोटेस्टंट दोघंही म्हणतील की तारण कृपेने. फरक पुढे आहे. १५१७ नंतर प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा लूथर आणि त्याच्या बाजूच्यांनी ठासून सांगितलं की देव माणसाला नीतिमान ठरवतो ते फक्त विश्वासाने, फळ हा त्या जोडणीचा पुरावा आहे, कारण नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिलं, आणि त्यात हाच वेल आणि फाटे वापरले, की ख्रिस्त वेलासारखं सतत फाट्यांत सामर्थ्य ओततो, त्या सामर्थ्याने केलेली सत्कर्मं देवाला मान्य होतात आणि माणूस नीतिमत्त्वात वाढतो. चार-साडेचारशे वर्षं एकमेकांना शाप देऊन झाल्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लुथेरन जागतिक संघाने संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की मूळ गोष्ट आपण एकत्र कबूल करतो, कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्या लायकीमुळे नाही. सगळे मतभेद मिटले असं नाही. मला विचाराल तर बाग प्रोटेस्टंटांच्या बाजूने एक आणि कॅथलिकांच्या बाजूने एक गोष्ट सांगते. घड आला म्हणून फाटा जोडला जात नाही, जोडलेला असतो म्हणून घड येतो, हे पहिलं. आणि ज्या फाट्यावर वर्षानुवर्षं घडच नाही त्याला जोडलेला म्हणायचं का, हे दुसरं. वाळलेला फाटा गोळा करून जाळतात या वाक्यावरून तारण गमावता येतं का हा वेगळाच वाद आहे, कॅल्विनवाले म्हणतात तो कधी खरा जोडलेलाच नव्हता, आर्मिनियनवाले, म्हणजे प्रोटेस्टंटांमधलाच दुसरा गट, म्हणतात जोडलेला होता आणि तुटला. उदाहरणातून एवढा निकाल लागणार नाही, ते उदाहरणाचं काम नाही.

आता कलम. ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग हा.

आज नाशिकला नवीन बाग लावायची तर थॉम्पसन किंवा सोनाका या खाण्याच्या द्राक्षजाती थेट जमिनीत लावत नाहीत. आधी खुंट लावतात, म्हणजे ज्याच्या मुळावर कलम बांधायचं तो वेल, बहुतेक ठिकाणी डॉगरिज. हा अमेरिकेतल्या टेक्सासकडचा जंगली वेल. त्याच्या द्राक्षाला बाजारात कुणी विचारणार नाही, पण मूळ जबरदस्त, खारं पाणी सहन करतो, पाण्याचा ताण सहन करतो. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे या खुंटांवर बरंच काम झालंय. युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या तेव्हाही शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करूनच त्या वाचल्या. तर हिवाळा सरता सरता खुंट लावायचा, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तो पेन्सिलीपेक्षा जरा जाड होतो, मग वरचा भाग कापायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या जातीची डोळकाडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, साल सालीला लागली पाहिजे, आणि पट्टीने घट्ट बांधायचं. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुगला की समजायचं कलम लागलं.

यात नियम काय आहे? मूळ जंगली, काडी चांगली. फळ काडीच्या जातीचं येतं. आंब्याचंही तेच, खुंट रायवळ आणि वर हापूस. कोकणातल्या कुठल्याही नर्सरीत विचारा, हापूसच्या खुंटावर रायवळाची काडी कोण बांधेल? वेडाच म्हणतील.

आणि पौल रोमकरांच्या ११ व्या अध्यायात नेमकं हेच वेडं कलम सांगतो. तिथे झाड जैतुनाचं (ऑलिव्हचं) आहे. चांगल्या, लागवडीच्या जैतुनाच्या काही फांद्या तोडल्या आणि त्या जागी रानटी जैतुनाची फांदी कलम केली. चांगलं झाड म्हणजे अब्राहामापासून आलेलं देवाचं वचन आणि त्याचे लोक, रानटी फांदी म्हणजे यहुदी नसलेले, म्हणजे रोमचे, ग्रीसचे, आणि हिशोब पुढे नेला तर दिंडोरी तालुक्यातले आपणही. बागकामाच्या हिशोबाने रानटी काडीला रानटीच फळ येणार, मूळ कितीही चांगलं असो. काही टीकाकार म्हणतात पौल शहरात वाढलेला, त्याला शेतीतलं कळत नव्हतं. दुसरे काही जण रोमन लेखक कोलुमेला दाखवतात, की म्हाताऱ्या जैतुनाला जोर यावा म्हणून रानटी जैतुनाची काडी घालायची पद्धत होती. असेल. पण २४ व्या वचनात पौल स्वतःच म्हणतो की हे कलम निसर्गाच्या विरुद्ध केलंय. म्हणजे त्याला माहीत होतं. उलटं आहे हे कळूनच त्याने तसं लिहिलं.

मला तरी या सगळ्या विषयाचं मर्म इथे दिसतं. निसर्ग सांगतो की कलमात काडीची लायकी बघितली जाते. तारण सांगतं की इथे काडीची लायकी नव्हती आणि तरीही जोडली, आणि जोडल्यावर मुळाने काडी बदलली. हे बागेत कधी होत नाही. म्हणून निसर्गातून धडा घेताना उदाहरण कुठे जुळतं हे तर बघाच, पण ते कुठे फाटतं तिथे जास्त वेळ थांबा, कारण कृपा बहुतेक वेळा त्या फाटलेल्या जागेतून आत येते. रिचार्जसारखी उदाहरणं कुठेच फाटत नाहीत, अगदी फिट्ट बसतात, आणि म्हणूनच ती संशयास्पद आहेत. पौलाने या कलमातून लगेच जो निष्कर्ष काढला तोही लक्षात ठेवण्यासारखा आहे, की बाबा फांद्यांपुढे फुशारकी मारू नकोस, तू मुळाला उचलून धरलेलं नाहीस, मुळाने तुला उचलून धरलंय. यहुद्यांना तुच्छ लेखणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं हे वाक्य वाचलंच नाही असं वाटतं.

(काही प्रवचनकार शेतातलं कलम जसंच्या तसं घेतात, खाली जुना स्वभाव, वर नवा, आणि खुंटाला मधूनमधून फुटवे येतात ते खुडत राहायचं. पवित्रीकरणाला हे चांगलं लागू पडतं, खुंटाचे फुटवे खरोखर येत राहतात आणि सोडले तर काडी मागे पडते. फक्त पौलाचा मुद्दा तो नव्हता.)

असंच फाटणारं दुसरं उदाहरण मत्तयच्या २० व्या अध्यायात आहे आणि ते बागेतल्याच माणसांचं आहे. मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, एक दीनार ठरवून, म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला परत जातो आणि उभे दिसतील त्यांना घेऊन येतो. सहाला पगार, कारण मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची असा यहुदी नियमशास्त्राचा दंडक होता. पाचला आलेल्याला एक दीनार. पहाटे आलेल्यालाही एक दीनार. मग कटकट सुरू.

नाशिकजवळ गिरणाऱ्याला मजूर बाजार भरतो, पेठ-हरसूलकडची माणसं सकाळी रस्त्याला उभी असतात, बागायतदार गाडी थांबवतो, रेट ठरतो, धडधाकट आधी जातात. मामांना मी हा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली ही गोष्ट, वाचून दाखवला तर ते म्हणाले, "असं एक दिवस करून बघ, उद्या सकाळी एक माणूस येणार नाही, सगळे पाचला येतील." आणि शेतीच्या हिशोबाने त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, अशी बाग चालत नाही. हीच शंका पौलालाही लोकांनी विचारली होती, की कृपा एवढी फुकट असेल तर पाप करत राहू की, कृपा अजून वाढेल. रोमकरांच्या सहाव्या अध्यायात त्याने उत्तर दिलं ते असं की तुम्ही ख्रिस्ताबरोबर मेला आणि त्याच्याशी जोडले गेलात, आता जुन्याला चिकटून जगणार कसं. म्हणजे तो पुन्हा जोडणीवरच येतो, मजुरीवर जातच नाही.

पण त्या दाखल्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला मजूर बाजार बघितल्याशिवाय कळली नसती. मालक पाच वाजता विचारतो, तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे? ते म्हणतात, कुणी आम्हाला कामावर लावलंच नाही. ते आळशी म्हणून उशिरा आलेले नव्हते. सकाळपासून तिथेच उभे होते, प्रत्येक गाडीकडे बघत होते आणि प्रत्येक गाडीने दुसऱ्याला उचललं. गिरणाऱ्याला दुपारपर्यंत कोण उरतं ते जाऊन बघा, वय झालेला, हाताला लागलेलं, कडेवर पोर असलेली. घरी चूल त्यांचीही तेवढीच असते. मामांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ते ठीक आहे रे, पण पहाटेवाल्याचं काय? दाखल्यात त्याला मालक उलट विचारतो की मी चांगला आहे हे तुझ्या डोळ्यात खुपतं का, आणि पहाटेवाल्याने काय उत्तर दिलं ते मत्तयने लिहिलेलं नाही.